गावतलावातलं केंदाळ काढून देणाऱ्या दोन सेवा: आमच्या मासेमारी संस्थेचा अनुभव

तलावातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायला कुणाला काम देणार असाल तर दर ट्रॉलीवर ठरवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल.

आमच्या संस्थेनं आधी एका मशीनवाल्या ठेकेदाराकडून आणि नंतर हातानं केंदाळ काढणाऱ्या एका टोळीकडून काम करून घेतलं. दोघांचीही नावं इथं देत नाही. ठेकेदाराच्या धंद्यावर दगड मारायचा माझा हेतू नाही, आणि टोळी ओळखीच्या गावांतून तोंडी निरोपावर काम घेते, तिला गावोगावचे फोन झेपायचे नाहीत. पण दोघांनी काय केलं, कसं केलं आणि त्यानंतर तलावाचं काय झालं हे सविस्तर लिहिते. पुण्याच्या नद्यांपासून इचलकरंजीपर्यंत दर उन्हाळ्यात हीच कामं निघतात, लाखांचे आकडे वर्तमानपत्रात येतात, आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर तेच काम पुन्हा निघतं. असं का होतं ते आम्ही आमच्या एवढ्याशा तलावावर पाहिलं.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका मासेमारी सहकारी संस्थेचे हिशेब लिहिते. गावतलावाचा ठेका संस्थेकडं आहे. दर पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची आणि पुढच्या उन्हाळ्यात मासळी काढायची, यावर आमची घरं चालतात. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेचं पाणी तलावात शिरलं. आमची मासळी नदीला गेली आणि नदीचं केंदाळ आमच्याकडं आलं. पाणी ओसरल्यावर सांडव्याजवळ बुट्टीभर रोपं उरली होती, जांभळी फुलं आलेली. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो, दिसायला फूल फार देखणं. पोरं ती फुलं गणपतीला तोडून न्यायची. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, पुन्हा भर पडली.

हे झाड आपल्याकडचं नव्हे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेचं म्हणून बंगालात आलं आणि तिथं इतकं माजलं की 1936 साली ते काढण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुण्याकडं त्याला जलपर्णी म्हणतात, नाशिकला पाणवेली. त्याच्या मायदेशात त्याला खाणारे किडे आहेत. आपल्या तलावात त्याला हात लावणारं कुणी नाही. गुरंसुद्धा नाइलाज असला तरच तोंड लावतात.

याची वाढ कशी होते हे नीट समजून घ्या, कारण सेवा चांगली की वाईट हे त्यावरच ठरतं. एका रोपाच्या बुडातून पाण्यावर आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवं रोप, त्याला पुन्हा धुमारा. मनासारखं पाणी मिळालं तर दोन आठवड्यांच्या आसपास सगळा झाडोरा दुप्पट होतो. मनासारखं म्हणजे सांडपाण्याचं, साबणाचं, उसाच्या रानातून वाहून आलेल्या खताचं. आमच्या ओढ्यात हे तिन्ही येतं. पाव तलाव झाकलेला दिसला की लोक म्हणतात, अजून पाऊण मोकळा आहे की. चार आठवड्यांत तो मोकळा राहत नाही. शिवाय बी वेगळंच. फूल सुकलं की दांडा पाण्यात वाकतो आणि बी तळाच्या गाळात जातं. ते गाळात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. वरचं सगळं हिरवं उचलून नेलं तरी खाली पेरणी झालेलीच असते.

तलाव पूर्ण झाकला गेला तेव्हा पहिला फटका पाण्याखालच्या गवताला बसला. उजेडच पोहोचत नाही म्हटल्यावर ते कुजलं. त्या गवतात झिंगे असायचे, बारीक मासळी लपायची, तीही गेली. पाण्याला हिरवट रंग देणारी सूक्ष्म शेवाळं ही कटल्याच्या खाण्याची सुरुवात, तीही उजेडाविना कमी झाली. गवत आणि शेवाळ दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडतात, तो बंद झाला. वरून वारा लागत नाही, त्यामुळं हवेतला प्राणवायूही पाण्यात मिसळत नाही. आणि केंदाळाची जुनी पानं रोज खाली पडून कुजतात, ती उरलासुरला प्राणवायू खातात.

संस्थेकडं प्राणवायू तपासायची छोटी किट आहे. बाटलीत बुडबुडा न राहता पाणी भरायचं आणि दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. पहाटे काहिलीत, म्हणजे होडीसारख्या वापरायच्या मोठ्या कढईत, बसून आत जाऊन, केंदाळ बाजूला सारून बाटली भरली तर पांढराच साका बसला. कटला-रोहूला चांगल्या वाढीसाठी लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. त्या उन्हाळ्यात फेकजाळ्यात आली ती मरळ, जी वर येऊन हवा घेऊ शकते. कटला मोठ्या संख्येनं मेला होता. मेलेला मासासुद्धा वर तरंगायला जागा नव्हती, म्हणून वास येईपर्यंत कुणाला कळलं नाही.

आजूबाजूच्या शेतकऱ्यांचीही तक्रार सुरू झाली. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला मुळ्यांचे झुपके अडकायचे. तलाव नेहमीपेक्षा लवकर आटायला लागला, कारण एवढ्या पानांमधून उडणारं पाणी मोकळ्या पाण्यावरून उडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतं. डास तर विचारू नका. एका जातीच्या डासाच्या अळ्या श्वास घ्यायला वर येतच नाहीत. केंदाळासारख्या झाडांच्या मुळांना नळी खुपसून तिथूनच हवा घेतात, त्यामुळं पाण्यावर औषध वा तेल टाकूनही त्या सुटतात. टिबुकली आणि वारकरी हे बुडी मारणारे पक्षी दिसेनासे झाले, खंड्याला सूर मारायला पाणी उरलं नाही. लांब बोटांचा कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तेवढी केंदाळावर चालताना दिसायची, आणि ती बघून गावातली काही मंडळी म्हणायची, पक्षी आहेत म्हणजे सगळं ठीक आहे.

ग्रामसभेत ठरलं, मशीन आणायचं. आता पहिल्या सेवेबद्दल.

ठेकेदार पोकलेन घेऊन आला, सोबत ट्रॅक्टर-ट्रॉल्या. चालक हुशार होता, बांधाला धक्का न लावता काम करत होता, वेळेवर यायचा. बिल पक्कं, जीएसटीसह. पहिल्या दोन दिवसांत बांधाकडची कड मोकळी झाली आणि गाव खूश झालं. काठावरून बघणाऱ्याला तलाव साफच दिसत होता.

पण पोकलेनचा हात पोहोचेल तेवढंच काम. मधला झाडोरा तसाच राहिला. दोराला लोखंडी आकडा बांधून तो ओढायचा प्रयत्न झाला, त्यात तो तुटून त्याचे शेकडो तुकडे झाले आणि वाऱ्यानं तलावभर पसरले. प्रत्येक तुकडा म्हणजे नवं रोप. बकेट खाली गेलं की केंदाळासोबत गाळ वर यायचा, गाळासोबत कमोदिनीचे कंद आणि पाणकणसाची मुळं. हे आपल्या तलावाचं स्वतःचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं झाड. कमोदिनीच्या पानांवर कमळपक्षी अंडी घालतो, पाणकणसात पाणकोंबडी लपते. बकेटला परकं आणि घरचं कळत नाही. सगळं एकाच ढिगात. ढवळलेला गाळ पाण्यात कितीतरी दिवस तसाच तरंगत राहिला आणि गाळातली घाणही त्यासोबत वर आली.

आता ट्रॉलीचं बघा. केंदाळात 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दाट वाढलेलं असेल तर एका हेक्टरवर तीनशे-चारशे टन ओला माल निघू शकतो. म्हणजे ट्रॉलीवर दर ठरवला की आपण पैसे देतो ते मुख्यतः पाणी वाहून नेण्याचे. ट्रॉली भरून निघाली की मागं रस्त्यावर पाण्याची धार लागायची आणि गावात पोहोचेपर्यंत थांबायची नाही. ठेकेदाराला ट्रॉल्या जास्त भरण्यात फायदा, त्यामुळं जिथं दाट आणि सोपं तिथं मशीन. जिथं विरळ, काठावरच्या चिखलात बारीक रोपं, तिथं कुणी फिरकत नव्हतं. आणि पुढचा हंगाम त्या बारीक रोपांतूनच उभा राहतो. या दरात तो माणूस वागला ते दराप्रमाणं बरोबरच वागला. दरच चुकीचा होता.

सगळ्यात वाईट झालं ते ढिगांचं. अंतर वाचावं म्हणून निम्म्याहून जास्त माल बांधाच्या आतल्या उतारावर टाकला गेला. ढिगाच्या वरचा थर वाळला, आतला ओला राहिला. ओल्या सावलीत हे रोप कितीतरी दिवस जगतं. ढीग कुजून काळं पाणी निथळायला लागलं, ते उतारानं थेट तलावात. म्हणजे जे खत केंदाळानं पाण्यातून शोषून घेतलं होतं ते परत पाण्याच्या हवाली. वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि ढिगाची कड घसरून पाण्यात गेली. दसऱ्यापर्यंत तलाव पुन्हा हिरवा झाला होता. विचारायला गेलो तेव्हा ठेकेदारानं पावत्या दाखवल्या. काम ट्रॉल्यांचं होतं, ट्रॉल्या भरून झाल्या होत्या.

मशीनला सरसकट वाईट म्हणणार नाही. नदीत, पंचगंगेवरच्या तेरवाडसारख्या बंधाऱ्याला केंदाळ वरून वाहत येऊन तटतं, त्या वेळी त्याचा दाब आणि जाडी एवढी असते की माणसानं उतरणंही धोक्याचं. तिथं मशीनशिवाय इलाज नाही. पण तळ्याचं काम वेगळं आहे. इथं जे राहील ते इथंच वाढणार आहे.

त्याच ठेकेदारानं नंतर तणनाशक फवारून देण्याचंही सुचवलं होतं. संस्थेनं नकार दिला आणि तुम्हीही द्या असं मी आग्रहानं सांगेन. फवारणीनं केंदाळ मरतं, पण मेलेलं केंदाळ जात नाही, बुडतं. एवढा सगळा पाला एकदम तळाशी कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळी मरते, औषधाचा परिणाम आणखी वेगळा. त्या पाण्यावर गुरं येतात, बायका धुणं धुतात. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये बंधन आणणारी अधिसूचना काढली होती, ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरायचं अशी. कुणी पाठीवर पंप लावून तलावात फवारायला आला तर त्याला आधी कागद विचारा.

दुसरी सेवा म्हणजे टोळी. शेजारच्या तालुक्यातल्या, नदीकाठच्या घरांतली माणसं, निम्म्या बायका. त्यांच्या मुकादम बाईंना सगळे आक्का म्हणतात. आल्या त्या दिवशी कामाला हात लावला नाही. तलावाला पूर्ण फेरी मारली, ओढा कुठून येतो ते बघितलं, वारा दुपारी कुठून वाहतो ते विचारलं आणि मग म्हणाल्या, “ताई, आधी वरनं येणारं बंद करू. न्हाईतर आम्ही काढतोय आणि वढा आणून टाकतोय, असंच चालायचं.” पहिलं काम म्हणून ओढ्याच्या तोंडाशी मेसकाठ्या रोवून जुन्या जाळ्याचा दुहेरी पडदा लावला. पाणी जातं, रोप अडतं.

मग रिकामे कॅन दोराला ओवून लांबच लांब माळ केली. दोन काहिलींतून माळेची दोन टोकं धरून त्या झाडोऱ्याच्या मागं गेल्या आणि वाऱ्याचा जोर घेत सगळा पट्टा हळूहळू एका कोपऱ्याकडं आणला. कोपरा त्यांनी निवडलेला: काठ उताराचा नाही, पलीकडं गायरानाची सुकी जमीन. तिथं कोयत्यानं पट्ट्याचे चौकोन पाडायचे, दाताळ्यानं ओढायचे आणि छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या बायकांनी एकेक गठ्ठा उचलायचा.

इथं मी बराच वेळ बसून बघितलं, कारण मशीनमध्ये आणि यांच्यात खरा फरक मला इथं दिसला. गठ्ठा वर काढण्याआधी त्या तो पाण्यातच दोन-तीन वेळा झाडतात. केंदाळाची मुळं काळसर-जांभळी, पिसांसारखी फुटलेली आणि हातभर लांब असतात. त्यांत काय काय राहतं ते तेव्हा कळतं. झाडलं की झिंगे टपटप पडतात, गोगलगाई, चतुराच्या अळ्या, नखाएवढी मासळी, कधी पाणदिवडाचं पिल्लू. ते सगळं पाण्यात परत जातं. आक्का नव्या पोरींना ओरडून सांगत होत्या, “मुळी झाडल्याबिगार वर घ्यायचं न्हाई. त्यात तलावाचं लेकरू हाय.” मशीननं हे सगळं ट्रॉलीत भरून नेलं होतं.

कमोदिनीची पानं हाताला लागली की बाजूला सोडायची. पाणकणसाच्या पट्ट्यात शिरून केंदाळ हातानं वेचायचं, पाणकणीस उभं ठेवायचं. काठावरची बेशरम मात्र मुळासकट उपटली, कारण तिच्या बुडख्यात केंदाळाची रोपं अडकून बसतात, आणि तीही परदेशीच.

काढलेला माल गायरानावर पातळ पसरला, मुळं आभाळाकडं. ढीग नाही. दुसऱ्या दिवशी उलटवला. चैत्राच्या उन्हात चार-पाच दिवसांत तो एवढा आटला की ज्याला ओला असताना ट्रॉल्यांची रांग लागली असती ते दोन-चार खेपांत उचलून झालं. वाहतुकीचा खर्च तिथंच वाचला. वाळलेल्या मालाचं काय करायचं हे त्यांच्याकडं ठरलेलं आहे. थोडा शेण-मातीत थर लावून खतात जातो, थोडा फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून. त्या बी धरलेले दांडे खतात घेत नाहीत, ते वेगळे काढून जाळतात. आणि नदीतलं, विशेषतः कारखान्यांचं पाणी येतं तिथलं केंदाळ त्या खताला घेतच नाहीत. हे झाड पाण्यातले जड धातू मुळांत साठवतं, त्यामुळं तसलं खत तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालणं बरं नव्हे. कोणतीही प्रयोगशाळा न पाहिलेल्या माणसांनी हे स्वतःहून सांगावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

तरीही एवढ्यानंच मी त्यांची शिफारस केली नसती. पहिल्या काढणीनंतर तलाव मशीननंतर दिसला होता त्यापेक्षा स्वच्छ दिसत होता, एवढंच. टोळीचं खरं काम पुढचं आहे, आणि त्यांचा दरही त्यावरच बेतलेला आहे. त्या ट्रॉलीवर पैसे घेत नाहीत, मोकळ्या पाण्याच्या गुंठ्यावर घेतात, आणि तेही एकदम नाही. पहिला हप्ता काढणी झाल्यावर, दुसरा दिवाळीच्या आधी तलाव बघून, तिसरा पुढच्या होळीला. मधल्या काळात जे उगवेल ते काढायला त्यांनीच यायचं.

आणि उगवतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, काठाचा गाळ उघडा पडतो, त्याला ऊब आणि उजेड लागला की तळातलं बी रुजतं. ही कोवळी रोपं तुम्ही कधी बघितली नसतील तर ओळखू येणार नाहीत. मोठ्या केंदाळाचा फुगीर देठ त्यांना नसतो. बारीक, अरुंद पानाची, गवतासारखी दिसतात. गुराखी पोरं त्यावरून चालत जातात. टोळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका बुट्टी आणि खुरपं घेऊन काठानं ओणव्या चालत ती वेचत होत्या. दिवसभरात एक बुट्टीसुद्धा भरली नाही. ट्रॉलीच्या हिशेबात त्या कामाची किंमत शून्य. पण ही रोपं पाण्याला लागून तरंगली असती तर पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पावसाळा संपल्यावरही त्या आल्या, सांडव्याच्या खाचेत, पाणकणसाच्या मागं, मोटारींच्या पाइपांभोवती चुकलेली रोपं शोधून गेल्या. एखाद्या काढणाऱ्याची सेवा कशी आहे हे बघायचं असेल तर त्याला विचारा, दिवाळीत येणार का? तो हो म्हणाला आणि ते कागदावर लिहून द्यायला तयार झाला, तरच बोलणं पुढं न्या.

उणिवाही सांगायला हव्यात. काम सावकाश चालतं, गावाला धीर धरावा लागतो. ऊसतोडीच्या आणि गुऱ्हाळाच्या हंगामात त्यांची निम्मी माणसं तिकडं असतात, तेव्हा ठरलेली तारीख पुढं जाते. आमची दुसरी फेरी अशीच लांबली आणि तेवढ्यात एका कोपऱ्यात पुन्हा दाट वाढ झाली. पक्कं बिल देत नाहीत, त्यामुळं ग्रामपंचायतीच्या निधीतून थेट पैसे देता येत नाहीत. आम्हाला संस्थेच्या खात्यातून मजुरीपत्रकावर द्यावे लागले. हातमोजे, गमबूट काही नाही. अंगाला खाज सुटते, काचा-पत्रे पायाला लागतात. मोजे-बूट संस्थेनं घेऊन दिले, तुम्हीही द्या, ते दराच्या बाहेरचं समजून द्या. आणि खोल पाण्यात त्यांचं काम चालत नाही. उजनीसारख्या मोठ्या जलाशयाला, जिथं पुण्याकडून भीमेतून दर पावसाळ्यात ताजी भर येत राहते, तिथं टोळ्यांनी काही होणार नाही. पूर्ण हिशेब केला तर पहिल्या वर्षी मशीनच्या बिलापेक्षा आमचा खर्च जास्तच झाला. दुसऱ्या वर्षी मात्र बारीक वेचणीपलीकडं फारसं काम उरलं नाही.

मोठ्या पाण्यासाठी भुंग्यांचा उपाय आहे. या झाडाच्या मायदेशातले, पानं खाणारे आणि देठ पोखरणारे छोटे सोंडकिडे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले, बंगळूरच्या तलावांवर सोडले गेले आणि काही तलाव त्यांनी बऱ्यापैकी मोकळे केले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही त्यांचा उपयोग झाला. त्यांनी खाल्लेल्या पानावर बारीक चौकोनी-गोलसर ओरखडे दिसतात. पण त्यांना जम बसवायला वर्षं लागतात, आणि जिथं सांडपाण्यामुळं झाड खाल्लं जातं त्यापेक्षा वेगानं वाढतं तिथं ते मागं पडतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयात या विषयावर काम चालतं, मोठ्या तलावाच्या ग्रामपंचायतींनी तिथं जरूर विचारावं. आमच्यासारख्या लहान तलावाला, जिथं मासळीवर या वर्षीचं घर चालायचं आहे, तेवढं थांबणं परवडत नाही.

आता तलाव कसा आहे ते सांगते. टोळीच्या पहिल्या काढणीनंतरच्या हिवाळ्यात किटमधला साका तपकिरी आला. पहाटेचं पाणी, मधोमधचं. बाटली सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. पाण्याखालचं गवत आधी सांडव्याच्या बाजूला दिसलं, मग पसरलं. सोडलेल्या बोटुकलीतला कटला जगला आणि वजनाला चांगला भरला. टिबुकल्या परत आल्या, वारकऱ्यांचा थवा हिवाळाभर होता. कमळपक्षीही आहे, कमोदिनीवर. त्याला केंदाळच लागतं असं नाही. मशीननं कमोदिनी उपटून नेली त्या कोपऱ्यात मात्र अजून मोकळा गाळच आहे, तिथं दुसरं काही रुजत नाही आणि दर उन्हाळ्यात केंदाळाचं बी सगळ्यात आधी तिथंच उगवतं.

ओढ्यातून येणारं सांडपाणी टोळी थांबवू शकत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. ते गावाचं काम. ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या घरांसाठी शोषखड्डे घ्यायचं ग्रामपंचायतीनं मान्य केलं आहे, काही झालेत, बरेच व्हायचे आहेत. जोवर ते होत नाहीत तोवर वेचणीचा खर्च दरवर्षी धरूनच चालायचं, आणि आम्ही तो मासळीच्या उत्पन्नातून बाजूला काढतो.

तुमच्या तलावाला कुणीही लावलं, मशीन वा माणसं, तरी करारात हे लिहून घ्या: दर मोकळ्या पाण्याच्या क्षेत्रावर, किमान तिसरा हिस्सा पैसे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून, काढलेला माल बांधाच्या आतल्या उतारावर ठेवायचा नाही, कमोदिनी आणि पाणकणसाला हात लावायचा नाही, आवकेच्या तोंडाला जाळी. काम फाल्गुन ते वैशाखात उरका. पाणी कमी असतं, ऊन वाळवायला कडक असतं आणि पक्ष्यांची वीण पावसाबरोबर सुरू होते त्याच्या आधी सगळं आवरतं. हातानं काढणारी माणसं हवी असतील तर नदीकाठच्या कुठल्याही मासेमारी संस्थेत चौकशी करा, बहुतेक ठिकाणी अशी एखादी टोळी माहीत असते. निरोप दिवाळीतच द्या, कारण ऊस सुरू झाल्यावर ती माणसं भेटत नाहीत.